गिऱ्हाईक नावाचा देव

इतिहास म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं चवदार तळं येतं, काळाराम मंदिर येतं, नामांतर येतं. यायलाच पाहिजे. पण माणसाला माणूस म्हणून न वागवण्याचा इतिहास फक्त तळ्यावर आणि देवळात घडलेला नाही. तो दुकानाच्या फळीवर पण घडला, रोज घडला, आणि त्याची नोंद फार कमी झाली. मी इथं त्या फळीबद्दल लिहितोय. आज तिला काउंटर म्हणतात. अलीकडं गिऱ्हाईक, पलीकडं विकणारा, मधे ही फळी.

निमित्त साधं आहे. आपल्या वस्तीतली पोरंपोरी आज मॉलमध्ये कपड्यांच्या घड्या घालतात, औषधाच्या दुकानात उभी राहतात, पेट्रोल पंपावर नळी धरतात, पाठीवर पेटी बांधून घरोघर जेवण पोचवतात. संध्याकाळी विहारात आली की सांगतात, आज एकानं नोट तोंडावर फेकली, आज एकीनं 'ए' म्हणून चुटकी वाजवली, आज एकानं आईवरून शिवी दिली आणि मालकानं आपल्यालाच माफी मागायला लावली. ऐकणारे म्हणतात, जाऊ दे रे, काही माणसांचा स्वभावच असतो तसा.

स्वभाव एका माणसाचा असतो. हजारो माणसं एकाच तऱ्हेनं वागायला लागली की त्याला रीत म्हणतात. आणि रीत म्हटली की ती कुणी पाडली, कुणाच्या फायद्यासाठी पाडली, हे विचारावंच लागतं.

पाटीवरचा देव

दुकानात शिरलं की भिंतीवर एक पाटी दिसते. गिऱ्हाईक हा आमच्याकडं आलेला सर्वांत मोठा पाहुणा, तो आमच्यावर अवलंबून नाही, आम्ही त्याच्यावर अवलंबून आहोत, अशा अर्थाचा मजकूर. खाली नाव महात्मा गांधींचं. बँकेत हीच पाटी, सरकारी कचेरीत हीच पाटी. काही ठिकाणी छापलेलं असतं की हे १८९० साली दक्षिण आफ्रिकेतल्या भाषणात म्हटलं. आता गंमत बघा. गांधी दक्षिण आफ्रिकेत पोचले १८९३ साली. १८९० ला ते लंडनमध्ये कायदा शिकत होते. ज्यांनी या वाक्याचा माग काढला त्यांना याच धाटणीचा मजकूर सापडला तो १९४१ सालचा, अमेरिकेतल्या स्टुडबेकर मोटार कंपनीच्या विक्रीप्रमुखाच्या नावावर. म्हणजे मोटारी खपवणाऱ्या साहेबाचं बोलणं, आणि आपल्याकडं त्याला महात्म्याचं नाव लावून भिंतीवर टांगलं.

शिकागोचा मार्शल फील्ड नावाचा मोठा दुकानदार होता. गिऱ्हाइकाचं म्हणणं नेहमी बरोबर, हे त्याच्या दुकानाचं धोरण म्हणून १९०५ च्या सुमारास अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत छापून येत होतं. त्याच्याच दुकानात वाढलेल्या हॅरी सेल्फ्रिजनं १९०९ साली लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर दुकान काढलं आणि तिथं तोच मंत्र चालवला. मालकाच्या बाजूनं हे शहाणपणाचं होतं. त्याला माल खपवायचा होता. पण मंत्र म्हणायचा मालकानं आणि नमस्कार घालायचा नोकरानं, अशी ती व्यवस्था होती.

आपल्याकडं हा मंत्र आला आणि आपल्या मातीत त्याला देवपण चढलं. 'ग्राहक देवो भव'. आता देव म्हटला की गाभारा आला, पायरी आली, आणि पायरीखाली कोण उभं राहणार हेही आलं. हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही.

आपण गिऱ्हाईक होतो तेव्हा

पहिला सवाल असा. गिऱ्हाईक जर देव, तर आपला आजा-पणजा पैसे घेऊन वाण्याकडं जायचा तेव्हा तो देव का झाला नाही?

जुन्या म्हाताऱ्यांना विचारा. म्हारवाड्यातली बाई मिठाला गेली की दुकानाच्या पायरीखाली उभी राहायची. पैसा पायरीवर ठेवायचा. वाणी त्याच्यावर पाणी शिंपडून उचलायचा. मीठ-मिरची वरून पदरात टाकायचा, हाताला हात लागू द्यायचा नाही. माल चाचपायचा नाही, भाव करायचा नाही, माप कमी भरलं तरी बोलायचं नाही. सकाळी बोहनीच्या आधी गेलं तर शिव्या. 'सकाळी सकाळी कुठं तडमडली गं' असं ऐकून ती बाई बाजूला उभी राहायची, चार लोकांचं झालं की मग हिचं. पैसा देऊन पण तिला गिऱ्हाईकपण मिळालं नाही.

आणि हे बरे दिवस चालले असताना. आपल्या माणसांनी मान वर केली की दुकानच बंद. १९२८ साली मुंबई सरकारनं स्टार्ट कमिटी नेमली होती, दलित आणि आदिवासींच्या स्थितीची पाहणी करायला. बाबासाहेब तिचे सभासद होते. १९३० च्या तिच्या अहवालात बहिष्काराचं वर्णन आहे. शेतावरचं काम बंद, वाट बंद, आणि गावच्या वाण्याला सांगून रोजच्या गरजेचा माल विकणं बंद. गोलमेज परिषदेपुढं बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या संरक्षणाची जी योजना मांडली तिच्यात त्यांनी हा अहवालच पुढं केला आणि बहिष्कार हा गुन्हा ठरवा अशी मागणी केली. म्हणजे मीठ न विकणं हे हत्यार आहे, हे त्यांनी लंडनमध्ये जाऊन सांगितलं.

महाडची गोष्ट आपण दर वर्षी सांगतो. त्यातला एक आकडा मात्र निसटतो. मार्च १९२७ च्या परिषदेला आलेल्या आपल्या लोकांना प्यायला पाणी हवं होतं. तळं समोर होतं. पण ते आपल्यासाठी नव्हतं, म्हणून सवर्णांकडून ४० रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. चाळीस रुपये मोजून पण आपण पाहुणे झालो नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात परिषदेच्या मांडवाला जागा कुणी हिंदू देईना, ती एका मुसलमान माणसानं दिली.

म्हणून मी म्हणतो, पैशानं माणूस गिऱ्हाईक होतो हे अर्धंच खरं. फळीच्या कुठल्या बाजूला मान मिळणार हे पैशाच्या आधी जातीनं ठरवून टाकलं होतं.

आपण विकणारे झालो तेव्हा

बरं, घेणारा म्हणून मान नाही, तर विकणारा म्हणून तरी?

१९१७ साली बाबासाहेब बडोद्याची नोकरी सोडून मुंबईला परत आले. बडोद्यात शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबून फेकत होते, हे आपल्याला माहीत आहे. मुंबईत आल्यावर पोटासाठी त्यांनी शेअरबाजारात गुंतवणूक करणाऱ्यांना सल्ला द्यायचा धंदा काढला. अर्थशास्त्रातला एवढा शिकलेला माणूस तेव्हा मुंबईत शोधून सापडला नसता. गिऱ्हाइकं आली. मग त्यांना कळलं की सल्ला देणारा अस्पृश्य आहे. गिऱ्हाइकं यायची बंद झाली, धंदा बसला. सल्ल्याला काय विटाळ होतो? कागदावरच्या आकड्याला कुठली जात? पण गिऱ्हाईक उठून गेलं. बाबासाहेबांसारख्या माणसाचं दुकान गिऱ्हाइकाच्या वागण्यानं बंद पडलं, हा या विषयातला सगळ्यांत मोठा पुरावा आहे, आणि तो आपल्या घरातला आहे.

आपण विकत नव्हतो असं नाही. केरसुण्या विकल्या, दोर विकले, गवताचे भारे विकले, लाकडं विकली. बघा जरा या यादीकडं. यातलं काही तोंडात जात नाही. दूध विकता येत नव्हतं, शिजवलेलं विकता येत नव्हतं, पाणी विकता येत नव्हतं. जो माल तोंडाच्या जितका जवळ, तितके आपण त्या मालापासून लांब. हाच नियम गिरणीत. साच्यावर धोटा भरताना धागा तोंडानं ओढावा लागायचा, म्हणून विणकाम खात्यात आपल्याला घेत नव्हते, आणि पगार तिथं जास्त होता. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतल्या दलित कामगारांपुढं बाबासाहेब बोलले तेव्हा त्यांनी हेही सांगितलं की आपल्या माणसाला स्टेशनवर पोर्टर म्हणून पण घेत नाहीत, कारण स्टेशन मास्तर पोर्टरला घरकामाला वापरतो. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे ते तिथंच म्हणाले. दुकानाची फळी ही या दोघांची सामाईक मालमत्ता आहे.

कुणी म्हणेल, हे सगळं जुनं झालं. २००१-०२ साली ११ राज्यांतल्या ५६५ गावांची अस्पृश्यतेबद्दल पाहणी झाली, २००६ साली ती पुस्तकरूपानं आली. त्यात ३५ टक्के गावांत दलितांना स्थानिक बाजारात आपला माल विकू देत नव्हते असं आढळलं. दूध डेअरीला घालण्याची अडवणूकही कितीतरी गावांत आढळली. राज्यघटना लागू होऊन तेव्हा ५० वर्षं उलटली होती.

कायद्यानं दार उघडलं

२९ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत दुकानावर चर्चा झाली. जातीवरून, धर्मावरून कुणाला दुकानात मज्जाव करता येणार नाही असं कलम होतं. सभासदांनी विचारलं, दुकान म्हणजे नेमकं काय? बाबासाहेबांनी दुकान या शब्दाचा मोठ्यात मोठा अर्थ सांगितला. जो कुणी येणाऱ्याला सेवा द्यायला बसला आहे, त्याची जागा म्हणजे दुकान. हे कलम पुढं १५ (२) झालं. अस्पृश्यता संपवणारं कलमही त्याच दिवशी संमत झालं. मग १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा आला, १९७६ ला तो नागरी हक्क संरक्षण कायदा झाला. माल विकायला नकार देणं गुन्हा ठरलं. पायरीखाली उभी राहणारी आपली आजी कायद्यानं पायरी चढली.

हे थोर काम आहे. पण त्यातला एक तपशील नीट बघा. घटनेच्या या कलमानं दार उघडलं ते गिऱ्हाइकासाठी. तेव्हा तेच निकडीचं होतं, कारण आपण दाराबाहेर होतो. पुढं आपली पोरं आत शिरली, फळीच्या पलीकडं जाऊन उभी राहिली, पगारावर. आता फेकणारा हात बदलला. आधी वाणी मीठ वरून फेकायचा, आता गिऱ्हाईक नोट वरून फेकतं. दोन्ही वेळा झेलणारा हात आपलाच.

पलीकडं उभ्या असलेल्या माणसासाठी कायदा नव्हता असं नाही. मुंबई इलाख्यात १९३९ साली दुकाने व आस्थापना कायदा झाला, देशातला असा पहिलाच. मुंबईत अजून लोक त्याला गुमास्ता कायदा म्हणतात. १९४८ ला तो नव्यानं झाला, २०१७ ला महाराष्ट्रानं परत नवा केला. कामाचे तास, सुट्टी, जादा कामाचा पगार हे त्यात आलं. पण २०१७ च्या कायद्यात मेख अशी की तो १० किंवा जास्त कामगार असलेल्या दुकानांना धरून केला. चार पोरं ठेवणारा किराणावाला, सहा पोरी ठेवणारा कापडवाला यातनं सुटला. आणि गिऱ्हाइकाच्या तोंडाला लगाम घालणारं कलम या तिन्हींच्या गाभ्यात कुठंच नाही.

गिऱ्हाइकाला मात्र १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा मिळाला, २०१९ साली तो नवा झाला. जिल्ह्याला आयोग, राज्याला आयोग, देशाला आयोग. माझा त्याला विरोध नाही. फसवणाऱ्या दुकानदाराला धडा मिळालाच पाहिजे, आणि सगळ्यांत जास्त फसवला जातो तो गरीबच. पण वजन बघा. पाच रुपयांचा माल खराब निघाला तर गिऱ्हाइकाला दाद मागायला तीन पायऱ्या. शिवी खाल्लेल्या पोरीला दाद मागायला मालकाचं केबिन, आणि तिथं तोच गिऱ्हाइकाचा फोटो देवासारखा लावून बसलेला.

२४ डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिन असतो. दुसऱ्या दिवशी २५ डिसेंबर, मनुस्मृती दहनाचा दिवस. एका दिवसाचं अंतर आहे. हे अंतर आपण कधी मोजलं नाही.

'गिऱ्हाइकाला चालत नाही'

मी स्वतः काही वर्षं कापडाच्या दुकानात काम केलं. दुकानाचं नाव इथं महत्त्वाचं नाही, अशी दुकानं गल्लोगल्ली आहेत. लग्नसराईत बस्ता बांधायला एक कुटुंब आलं. मी तास-दीड तास साड्या उलगडत होतो. नवरीची पसंत झाली. शेवटी घरातल्या मोठ्या बाईंनी माझ्या छातीवरचा बिल्ला वाचला. त्यावर आडनाव होतं. त्या मालकाकडं बघून म्हणाल्या, "शुभकार्याचा बस्ता आहे हो. बांधायला दुसऱ्या कुणाला पाठवा." मालक हसला. मला म्हणाला, "जा रे, आत चहाचं बघ." त्यानं मला जातीवरून एक शब्द बोलला नाही. तो चांगला माणूस होता म्हणे. नंतर एवढंच म्हणाला, "मला काय नाय रे, गिऱ्हाइकाला चालत नाही."

मित्रांनो, हे वाक्य नीट ऐका. 'मला काही नाही, गिऱ्हाइकाला चालत नाही.' या एका वाक्यात सगळा धंदा आहे. मालकाला आपली जात चालते कारण आपण स्वस्तात राबतो. पण गिऱ्हाईक तुटू नये म्हणून तो आपला मान त्याला देऊन टाकतो. भाजीवाली जुडीवर चार काड्या कोथिंबीर वर टाकते ना, तशी नोकराची इज्जत मालावर फुकट टाकली जाते. भाजीवाली निदान स्वतःची कोथिंबीर देते.

हे वाक्य फक्त इथलं नाही. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर हार्लेमचा १२५ वा रस्ता. पुढच्या काळात हार्लेम काळ्यांची वस्ती झाली, पण त्या रस्त्यावरची मोठी दुकानं गोऱ्या मालकांची. काळ्या बाईनं पैसे देऊन घ्यायचं, पण काउंटरमागं काळी मुलगी उभी करायची नाही. झाडायला, लिफ्ट चालवायला ठेवायची. कारण? गिऱ्हाइकाला चालत नाही. शिकागोच्या मोठ्या दुकानांतही हीच रीत.

मग तिथल्या काळ्या माणसांनी काय केलं? १९२९-३० साली शिकागोत आणि पुढं हार्लेममध्ये चळवळ उभी राहिली. जिथं तुम्हाला काम मिळत नाही तिथं खरेदी करू नका. दुकानासमोर पाट्या घेऊन माणसं उभी राहिली. १९३४ साली हार्लेमच्या ब्लूमस्टाइन दुकानानं हार मानली आणि काळ्या मुली काउंटरमागं घ्यायचं कबूल केलं. वॉशिंग्टनमध्ये अशाच एका किराणा कंपनीनं आंदोलकांवर कोर्टाची बंदी आणली, तो खटला वरपर्यंत गेला, आणि १९३८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं आंदोलकांच्या बाजूनं निकाल दिला. गिऱ्हाइकाला चालत नाही म्हणता ना? मग आम्ही पण गिऱ्हाईक आहोत, आणि आम्हाला हे चालत नाही, असं त्यांनी सांगितलं. ज्यांच्या ब्लॅक पँथरवरनं १९७२ साली आपल्या पोरांनी दलित पँथर नाव घेतलं, त्यांच्या आधीच्या पिढीनं दिलेला हा धडा आहे. नाव आपण घेतलं, हा धडा घ्यायचा राहिला.

दार आता घरापर्यंत आलं

आता तर फळी पण उरली नाही. दुकानच गिऱ्हाइकाच्या दारात जातं, पोराच्या पाठीवर बसून. पोराचं नाव आधीच फोनवर पोचतं. २०१९ च्या जुलैत जबलपूरच्या एका माणसानं जेवण आणणारा मुसलमान आहे म्हणून ऑर्डर रद्द केली आणि वर जगाला सांगितलं. २०२२ च्या जूनमध्ये लखनौच्या एका दलित पोरानं पोलिसांत फिर्याद दिली की नाव ऐकून जेवण घ्यायला नकार दिला, थुंकले, मारलं. दोन्ही वेळा माल होता जेवणाचा. तोंडाच्या जवळचा माल. तोच जुना नियम, धोट्याच्या धाग्यापासून जेवणाच्या डब्यापर्यंत.

मोठ्या सोसायट्यांत पाटी असते, डिलिव्हरीवाल्यांनी सामानाची लिफ्ट वापरावी. पायरी गेली, लिफ्ट आली. आणि गिऱ्हाइकाच्या हातात चांदण्या आल्या. पाच द्यायच्या की एक, त्याची मर्जी. चांदण्या कमी झाल्या की पोराचं काम कमी, कधी कायमचं बंद. मालक समोर पण येत नाही. पूर्वी पाटलाची खप्पा मर्जी झाली की बलुतं बंद व्हायचं. आज ते काम बोटाच्या टोकानं होतं.

बसायचा हक्क

हे बदलत नाही असं समजू नका. बदललेलं आहे, आणि ते बदललं आपल्यासारख्यांनीच.

केरळात कापडदुकानातल्या बाया दहा-बारा तास उभ्या असायच्या. गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही. गिऱ्हाइकासमोर नोकर बसला तर गिऱ्हाइकाचा अपमान होतो म्हणे. लघवीला जायची सोय नाही, म्हणून पाणी प्यायचं नाही. कोळिकोडला पी. विजी या शिवणकाम करणाऱ्या बाईनं या बायांना जमवलं, 'पेन्कूट्ट' नावाची बायांची संघटना उभी केली. आधी संडासासाठी लढल्या, मग खुर्चीसाठी. त्या लढ्याचं नावच बसण्याचा लढा. २०१८ साली केरळ सरकारनं दुकान कायदा बदलला आणि बसायला जागा देणं मालकावर बंधनकारक केलं. २०२१ ला तामिळनाडूनं तसंच केलं. इंग्लंडमध्ये हा कायदा १८९९ सालीच झाला होता, तीन बायांमागं एक खुर्ची. म्हणजे राणीच्या राज्यात तिच्या देशातल्या पोरींना खुर्ची मिळाली, आणि आपल्याकडच्या दोन राज्यांतल्या बायांना ती सव्वाशे वर्षांनी भांडून घ्यावी लागली.

कुणी म्हणेल, खुर्चीत काय एवढं. ज्याच्या बापाला पाटलासमोर बाजेवर बसायची बंदी होती त्याला विचारा खुर्चीत काय असतं ते.

शिवीबद्दल पण कायदे झाले. स्कॉटलंडनं २०२१ साली दुकानातल्या कामगाराला मारणं, धमकावणं, शिवीगाळ करणं हा वेगळा गुन्हा केला. जपानात गिऱ्हाईक देव आहे असं म्हणायची जुनी रीत. ते वाक्य १९६१ च्या सुमाराला हारुओ मिनामी नावाच्या गायकानं आपल्या श्रोत्यांबद्दल म्हटलेलं. गाताना समोर देव आहे असं समजून गातो, एवढाच त्याचा अर्थ. लोकांनी ते उचललं आणि दुकानातल्या नोकराच्या डोक्यावर मारलं. त्याच जपानात तोकियो शहरानं नियम केला की गिऱ्हाइकानं कामगाराचा छळ करायचा नाही, १ एप्रिल २०२५ पासून तो लागू झाला. त्यात शिक्षा नाही हे खरं. पण जिथं गिऱ्हाइकाला देव म्हणत होते तिथं देवालाच वागण्याचा नियम लागला, हे काही थोडं नाही.

आपण काय करायचं

आपल्या हातात काय आहे ते सरळ सांगतो.

एक. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा आहे, २०१५ ला त्यात भर पडली. चारचौघांत जाणूनबुजून अपमान करणं, जातीवरून शिवी देणं हा त्यात गुन्हा आहे. लोकांनी भरलेलं दुकान ही चारचौघांची जागा आहे. जातीमुळं कुणाला नोकरी-धंदा करण्यापासून अडवणं हा पण गुन्हा आहे. आपल्या पोरापोरींना हा कायदा गावच्या भांडणापुरता माहीत आहे, काउंटरवर तो लागू होतो हे कुणी सांगितलेलं नाही. दुकानात कॅमेरा असतो. तो चोरी पकडायला लावलेला असतो. आपली इज्जत चोरीला जाते तेव्हा त्याच कॅमेऱ्याचं चित्र मागा, आणि त्याच दिवशी लेखी मागा.

दोन. सगळी शिवी जातीची नसते. बरीच शिवी गरिबीला असते, बाईला असते, मुसलमानाला असते, बिहारहून आलेल्या पोराला असते. तिथं हा कायदा पोचत नाही, तिथं संघटना पोचली पाहिजे. गिरणीत युनियन होती, गोदीत होती, हमालांची आहे. चार-सहा पोरं असलेल्या दुकानात युनियन पोचत नाही असं म्हणतात. केरळच्या बाया दुकानादुकानातनं एकेक करूनच जमल्या. वस्तीवर दर रविवारी दुकानातली पोरंपोरी एकत्र बसवा. काय झालं ते तारीख-वार लिहून ठेवा. आपल्याकडं इतिहास नाही असं ते म्हणतात, कारण आपण लिहून ठेवत नाही.

तीन. आपण पण गिऱ्हाईक आहोत. १४ एप्रिलला, धम्मचक्र दिनाला, ६ डिसेंबरला आपली लाखो माणसं घराबाहेर पडतात, पांढरी साडी घेतात, निळं कापड घेतात, पुस्तकं घेतात. ज्या दुकानात आपल्या पोरीला बसायला स्टूल नाही तिथं आपला पैसा जाणार नाही, एवढं जरी ठरवलं तरी मालकाच्या कानात ते वाक्य उलटं घुमेल. गिऱ्हाइकाला चालत नाही.

चार, आणि हे सगळ्यांत अवघड. आपल्यातला एक थर आता बरा कमावतो. साहेब झाला, फ्लॅट घेतला, मॉलमध्ये जातो. मी तिथं आपल्याच माणसांना 'ए पोऱ्या' म्हणताना ऐकलंय. घड्याळ दाखवून 'किती वेळ लावतोस रे' म्हणताना ऐकलंय. त्यांना वाटतं मान मिळवणं म्हणजे फळीच्या अलीकडं जाऊन नोट फेकता येणं. बाबासाहेबांनी पायरी चढायला सांगितलं ते पायरी मोडण्यासाठी. वर चढून खालच्याच्या डोक्यावर पाय ठेवायचा असेल तर मनूचं पुस्तक जाळलं कशाला?

तेव्हा एवढं करा. पैसे हातात द्या. माल हातात घ्या. बिल्ल्यावरचं नाव वाचायचंच असेल तर ते त्या माणसाला नावानं, 'दादा', 'ताई' म्हणून हाक मारायला वाचा. आणि समोर कुणी फेकताना दिसला तर गप्प उभे राहू नका. रांगेतलं एक माणूस जरी बोललं की 'साहेब, उचला ती नोट आणि हातात द्या', तरी पलीकडच्या पोरीला कळतं की रांगेत सगळेच देव नाहीत, एखादा माणूसही उभा आहे.

जय भीम.